पोदेर, पुरुमेंत आणि इंग्रजीचा शब्द

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. इंग्रजी शब्द पाठ होतात पण राहत नाहीत, आणि राहिले तरी वेळेला चुकीच्या जागी बाहेर पडतात. त्यातली पाच पत्रं घेतलीत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत, कारण प्रश्नच तसे होते.

बाई, नमस्कार. माझा मुलगा मराठी प्राथमिक शाळेतून आता पाचवीत गेला आणि एकदम सगळे विषय इंग्रजीत आले. मी रोज त्याच्याकडून दहा शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करून घेते. रात्री घडाघडा म्हणून दाखवतो, आठ दिवसांनी विचारलं की कोरा. धड्यात तोच शब्द आला तरी अडतो. काय करू? एक आई, पेडणे

ताई, पहिलं म्हणजे मुलाला बोल लावू नका आणि स्वतःलाही नको. चौथीतून पाचवीत जाताना हे आपल्याकडे घरोघरी होतं, मी एकतीस वर्षं वर्गात हेच बघत आले.

माझ्या वर्गात पाचवीतला असाच एक मुलगा होता, वही इतकी सुंदर की बघत राहावं, मधोमध लाल रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एक दिवस तो मला म्हणाला, बाई आमच्या वाड्यावरच्या रेशन दुकानावर फेअर प्राइस शॉप लिहिलंय, गोऱ्या किमतीचं दुकान म्हणजे काय? वर्ग हसला. मी त्याची वही बघितली तर त्यात स्वच्छ अक्षरात होतं, फेअर म्हणजे गोरा. पोराने चूक काहीच केली नव्हती, जे पाठ केलं होतं तेच लावून बघत होता. मग मी त्याला विचारलं की त्याच दुकानाला मराठीत काय म्हणतात, तर लगेच उत्तर आलं, रास्त भाव दुकान. म्हटलं, झालं तर, इथे फेअर म्हणजे रास्त. आणि म्हापशाला मिलाग्रीस फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, जी फेरी भरते ना, ती फेरीसुद्धा फेअरच, कारण पोर्तुगीज फेयरा आणि इंग्रजीतली जत्रा या अर्थाची फेअर दोन्ही लॅटिन फेरियावरून आलेत. त्यानंतर तो शब्द त्याला कधी अडला नाही, आणि मलाही तो दिवस अजून तसाच्या तसा आठवतो.

तर एका शब्दाला एक मराठी अर्थ ही जोडी तोडा. मराठी अर्थ सांगू नका असं नाही, जरूर सांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. मुलाला म्हणावं, आता हाच शब्द तुझ्या भाषेत समजावून सांग, मराठीत सांगितलास तरी चालेल. आपल्याकडे न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितलेत, अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव, नावं जड आहेत पण खेळ म्हणून मुलांना फार आवडतो. समजा शब्द आहे अम्ब्रेला. तो म्हणाला, पावसापासून वाचवते ती वस्तू. तुम्ही म्हणा, मग घराचं छप्परही अम्ब्रेला का, रेनकोट पण? ही झाली अतिव्याप्ती, जाळं फार मोठं पडलं. मग तो म्हणेल, काळ्या कापडाची असते ती. मग ताईची लाल छत्री कुठे गेली? ही अव्याप्ती, जाळं लहान पडलं. असं करत करत तो हातात धरायची, उघडता-मिटता येणारी, डोक्यावर ऊन-पाऊस अडवणारी इथपर्यंत आला की शब्द त्याचा झाला. असंभव म्हणजे छत्रीला चाकं असतात असं काहीतरी, ते मुलं मुद्दाम सांगतात. आणि छत्री उघडली की एवढंही सांगा की अम्ब्रेलाच्या पोटात अम्ब्रा म्हणजे लॅटिनमधली सावली बसलीय, म्हणजे या शब्दाचं मूळ नातं उन्हाशी, आपण गोव्यात ती चार महिने पावसात वापरतो.

दहा शब्द नकोत, चार पुरे. पण ते चार दुसऱ्या दिवशी परत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो, म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य त्याच्या घरातलं असू दे, आजी, मांजर, कदंब बस, जे असेल ते.

मी फोंड्याला कॉलेजमध्ये शिकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. रूट, प्रीफिक्स आणि सफिक्सची, म्हणजे मूळ धातू, उपसर्ग आणि प्रत्ययांची, तीनशेची यादी मिळालीय, ती पाठ केली तर हजारो शब्द येतात म्हणतात. खरं का? पाठ करू का? एक विद्यार्थिनी

यादी जवळ ठेव पण पाठ करू नकोस, कारण ती कला तुला अर्धी येतेच. तू शाळेत शिकलीस ना, हृ हा धातू, त्याला आ लावला की आहार, वि लावला की विहार, प्र लावला की प्रहार, सं लावला की संहार. जेवण, फिरणं, मारणं आणि नाश, धातू एकच. उपसर्ग धातूचा अर्थ ओढून दुसरीकडे नेतो असं संस्कृतात श्लोकच आहे. लॅटिनचं तंत्र हेच. पोर्टारे म्हणजे वाहून नेणं. एक्सपोर्ट, बाहेर नेणं. इम्पोर्ट, आत आणणं. ट्रान्सपोर्ट, पलीकडे नेणं. डिपोर्ट, हद्दीबाहेर नेऊन सोडणं. रिपोर्ट, परत आणून देणं, बातमी का होईना. सपोर्ट, खालून उचलून धरणं. आता सांग, यात पाठ करण्यासारखं काय आहे, एकदा डोळ्यासमोर भार उचललेला माणूस आणला की झालं. फक्त मुरगाव पोर्ट त्यात घालू नकोस, बंदर या अर्थाचा पोर्ट पोर्टुस या वेगळ्या लॅटिन शब्दावरून आलाय, एअरपोर्ट त्याच्या बाजूचा.

दुसरी गोष्ट संधीची. मुलं विचारतात की नकाराचा इन कधी इम, कधी इल, कधी इर का होतो, इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. अगं, सत् अधिक जन सज्जन होतं, उत् अधिक लेख उल्लेख होतो, तसंच. पुढच्या अक्षराला जवळचा आवाज तोंडाला सोपा पडतो, जीभ लॅटिनवाल्याची असो की आपली. आणि आपला अ, अन्, ग्रीकांचा अ, अन, लॅटिनचा इन आणि इंग्रजांचा अन हे सगळे नकार एकाच घरातले भाऊ आहेत, अशक्य आणि अननोन यांच्यात त्या अर्थाने रक्ताचं नातं आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि ही माझ्या फार जिव्हाळ्याची. गोव्यातल्या मुलांकडे लॅटिनची आणखी एक पेटी आहे जी घाटावरच्या मुलांकडे इतकी भरलेली नाही, ती म्हणजे घराघरातले पोर्तुगीज शब्द. सकाळी सायकलचा भोंपू वाजवत येतो तो पोदेर. पोर्तुगीजमध्ये पादेइरू, कारण तो पांव विकतो, म्हणजे आपला पाव, आणि त्याच्या मागे लॅटिन पानिस, म्हणजे पाव-भाकरी. आता इंग्रजीत बघ. पँट्री, मुळात पाव ठेवायची खोली. कंपॅनियन, कॉम म्हणजे सोबत आणि पानिस म्हणजे भाकरी, ज्याच्यासोबत भाकरी मोडून खाल्ली तो सोबती. कंपनी हा शब्दही तिथलाच. आपण नाही का म्हणत, एका ताटात जेवलोय आम्ही, अगदी तसंच. मी वर्गात हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी मुलं पोदेराकडे वेगळ्या नजरेने बघत यायची.

आणि पुरुमेंत. पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, मिरच्या, सोलं, तांदूळ, कांद्याच्या माळा भरून ठेवतात ती बेगमी. माझी आई एप्रिलमध्येच उंडे-उंडे करून चिंच मीठ लावून बरणीत दाबायची आणि मोजून सांगायची, ही गणपतीपर्यंत, ही दिवाळीपर्यंत. शब्द आलाय पोर्तुगीज प्रोव्हिमेंतूवरून, तोच इंग्रजीतला प्रोव्हाइड आणि प्रोव्हिजन. फोड कर, प्रो म्हणजे पुढे, विदेरे म्हणजे पाहणं. पुढचं पाहून ठेवणं. प्रोव्हिजन स्टोअरच्या पाटीवर तुला आता कुणाचे तरी पावसाकडे लागलेले डोळे दिसतील. तेच विदेरे व्हिजनमध्ये, व्हिजिबलमध्ये, वरून पाहणाऱ्या सुपरवायझरमध्ये आहे, आणि ज्याचा अर्थ मी पाहतो तो व्हिडिओ त्याच्याच घरचा, आणि संस्कृतातला विद्, जाणणं, ज्यातून वेद आणि विद्या आले, तो त्याचा लांबचा भाऊ. एकदा असा धागा हाताला लागला की दहा शब्द आपोआप येतात.

खुरीस, म्हणजे क्रूस, घे. लॅटिन क्रुक्स, त्यावरून क्रूशिअल, जिथे फाटा फुटतो तिथला निर्णायक, आणि एक्सक्रूशिएटिंग, क्रुसावर खिळल्यासारखी वेदना. फेस्त म्हटलं की फेस्टिवल आणि फेस्टिव्ह. बेबदो, म्हणजे दारुडा, हा शब्दसुद्धा बिबेरे म्हणजे पिणं यावरून आलाय, मेन्यू कार्डावरचं बेव्हरेज त्याच घरचं.

पण सांभाळून. फोड केलेला अर्थ हा अंदाज असतो, निकाल कोशात बघायचा. पँट्रीत पॅन दिसतो म्हणून भांड्यांची खोली समजलीस तर फसलीस. आउटरेज हा आउट आणि रेज असा तुटत नाही, तो फ्रेंचमधून आलाय, मर्यादेच्या पलीकडे जाणं या अर्थाने. हेलिकॉप्टर हेली आणि कॉप्टर असं नाही, हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं आणि प्टेरॉन म्हणजे पंख, संस्कृत पत्र म्हणजे पंख, पान याच्या नात्यातला. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टींवर विश्वास नको, सिन्सिअर म्हणजे मेणाशिवाय, शिल्पकार भेगा मेणाने बुजवायचे वगैरे गोष्ट छान रंगवलेली असते पण तिला आधार नाही, सिन्सेरस म्हणजे शुद्ध, एवढंच धर.

म्हणून पद्धत अशी ठेव, वाचताना अनोळखी शब्द आला की आधी फोड, मग वाक्यात लावून बघ, मग कोश उघड. या क्रमाने गेलीस तर चुकलेला अंदाजसुद्धा लक्षात राहतो. सफिक्सचा फायदा परीक्षेत वेगळा आहे, तो अर्थापेक्षा शब्दाची जात सांगतो, नेस, टी, शन आले की नाम, अस, फुल, एबल आले की विशेषण, रिकाम्या जागा भरताना अर्धं काम तिथेच होतं.

बाई, मी कांदोळीला हॉटेलमध्ये रिसेप्शनला आहे. एका पाहुणीला मी नम्रपणे सांगितलं, वी हॅव चीप रूम्स ऑल्सो. मॅनेजरनी नंतर आत बोलावून झापलं. चीप म्हणजे स्वस्तच ना? एक वाचक

स्वस्तच, पण हलक्यातलं सुद्धा. मराठीत बघा, दुकानदार म्हणाला ही साडी स्वस्त आहे तर आपण बघतो, ही साडी हलकी आहे म्हणाला तर बाजूला ठेवतो. चीपमध्ये दोन्ही वास आहेत. तुम्हाला हवा होता अफोर्डेबल किंवा इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे खिशाला परवडणारी, किंवा नुसतं रूम्स ॲट अ लोअर प्राइस. तुमचा हेतू चांगला होता हे मॅनेजरनी समजून घ्यायला हवं होतं, आत बोलावून झापण्याऐवजी शब्द सांगितला असता तर तुम्ही तो जन्मभर विसरला नसता.

समानार्थी शब्द खरं म्हणजे समान नसतात, शेजारी असतात. आपल्याच भाषेत बारीक, सडपातळ, किडकिडीत, हडकुळा, लुकडा असे किती आहेत, पण लग्नाच्या स्थळाला मुलगी सडपातळ आहे म्हणतात, हडकुळी आहे कोण म्हणेल? इंग्रजीत तेच, स्लिम आणि स्लेंडर हे कौतुक, थिन हे नुसतं वर्णन, स्किनी म्हटलं की बहुतेक वेळा टोचतं. वासाचं तर तुमच्या रोजच्या कामातलं. फ्रॅग्रन्स फुलाचा, अत्तराचा, अरोमा कॉफीचा, फोडणीचा, ओडर म्हटलं की पाहुणा तक्रार करतोय असं समजा आणि स्टेंच म्हटलं तर खोली बदलूनच द्या. आपल्याकडे दरवळ, घमघमाट, कुबट, उग्र अशा पायऱ्या आहेतच, इंग्रजी शब्द नवीन आला की तो यातल्या कुठल्या पायरीवर बसतो ते आधी ठरवा.

आणखी दोन शब्द तुमच्या डेस्कवरचे. डिमांड म्हणजे नुसतं मागणं नव्हे, हक्काने, दटावून मागणं, पाहुण्याला यू डिमांडेड टॉवेल्स म्हणू नका, यू आस्क्ड फॉर म्हणा. आणि होमली, आपण घरगुती जेवणाला म्हणतो, ब्रिटिश पाहुण्याला ते कळतं, पण अमेरिकनाच्या कानाला माणसाबद्दलचा होमली म्हणजे दिसायला यथातथा. तेव्हा कुठल्या बाईला होमली पर्सन म्हणायच्या फंदात पडू नका.

हे इतके शेजारी आले कुठून तर १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि वर फ्रेंच बोलणारे, खाली जुनी इंग्रजी बोलणारे आणि चर्चमध्ये, ग्रंथांत लॅटिन असे तीन थर बसले. आस्क हा घरचा, क्वेश्चन फ्रेंचकडून, इंटरोगेट लॅटिनचा. आपल्या विचारणं, चौकशी करणं, पृच्छा करणं यासारखं. साधारण नियम असा की घरचा शब्द जवळचा वाटतो आणि लॅटिनचा कोर्ट-कचेरीतला. पाहुण्याशी बोलताना जवळचा धरा, लेखी तक्रारीचं उत्तर देताना थोडा वरचा.

थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, घेऊन त्यातून भारी शब्द उचलायची सवय मात्र लावू नका. रॉजे नावाच्या डॉक्टरांचा थिसॉरस १८५२ साली निघाला, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना, त्यांनी शब्द अर्थाच्या गटांनी लावले होते. आपल्याकडे अमरकोश त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, तोही विषयवार, आणि मुलं तो तोंडपाठ करायची. पण असा कोश फक्त भावंडांची नावं देतो, स्वभाव सांगत नाही. स्वभाव वाक्यात कळतो, म्हणून निवडलेला शब्द आधी साध्या कोशात उदाहरणासकट बघा.

टँकरवर हायली इन्फ्लेमेबल लिहितात. इन म्हणजे नाही ना? मग न पेटणारं असं का लिहितात? एक वाचक, डिचोली

हा इन नकाराचा नाही, आतला आहे. लॅटिन इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं, त्यावरून इन्फ्लेमेबल, म्हणजे सहज पेटणारं. फ्लेमेबलचा अर्थही तोच. हा गोंधळ जीवावर बेतू शकतो म्हणून आता पुष्कळ ठिकाणी फ्लेमेबल लिहितात, आणि न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल. टँकरपासून लांब राहा, बिडी तर लांबच ठेवा. असाच एक गोड शब्द इनव्हॅल्युएबल, तिथे इन नकाराचाच आहे पण अर्थ बिनकिमतीचा नाही तर ज्याची किंमत करता येत नाही असा. आपला अमूल्य आठवा, तोच डाव.

माझं वय ६४. नातवंडं परदेशात, ती इंग्रजीत बोलतात आणि मी हसून वेळ मारून नेतो. आता या वयात शब्द शिकणं होईल का? कुठला कोश घेऊ, आणि सुरुवात कुठून करू? काणकोणचे एक आजोबा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. होईल, नक्की होईल. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला तेव्हा तिशीच्या आसपास होता, आपली भाषा त्याला परकी, पण १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापून झालं ते मराठी ओवीत. इंग्रज माणूस आपल्या मातीत येऊन ओवी लिहितो तर तुम्हाला नातवाशी बोलायला चार-पाचशे शब्द जड नाहीत. आणि त्याच्याजवळ तर कोशही नव्हता तुम्हाला मिळेल तसा.

कोश घेताना इंग्रजी-मराठी एक ठेवा, अडलं की बघायला, पण रोज वाचायला शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी घ्या, ऑक्सफर्डचा होर्नबी यांनी केलेला, जो १९४८ पासून निघतोय, किंवा लाँगमनचा, १९७८ साली आलेला, ज्यात सगळ्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिल्यात. मोठे, जाडजूड घेऊ नका, त्यात सोप्या शब्दाची व्याख्या अवघड शब्दांनी केलेली असते आणि माणूस कंटाळतो. विकत घेण्याआधी हाताळून बघायचे असतील तर कधी पणजीला आलात की पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जा, १८३२ साली सुरू झालेलं हे देशातल्या सर्वात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, बसून निवांत बघता येतं.

सुरुवात कुठून म्हणालात, तर ज्या कदेलीवर बसून तुम्ही हे वाचताय तिथून. कदेल पोर्तुगीज कादेइरावरून, ती ग्रीक काथेद्रावरून, म्हणजे आसन. त्यातून इंग्रजीत चेअर आली, आणि जिथे बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलसारखं. गंमत म्हणजे से हा शब्दसुद्धा लॅटिन सेदेस म्हणजे आसन, बैठक यावरून, म्हणजे त्या एका नावात आसन दोनदा बसलंय. पुढच्या वेळी नातवाशी व्हिडिओवर बोलाल तेव्हा त्याला विचारा की तो बसलाय त्या चेअरचं चर्चशी काय नातं आहे, त्याला बहुतेक सांगता येणार नाही, आणि मग तुम्ही सांगा, मोडक्या इंग्रजीत का होईना. तो काय म्हणाला ते मला जरूर लिहून कळवा.